चिमणी उभी राहते, माणसांचे काय?

मनमाड-नगरकडून पुण्याला निघालेली गाडी दौंडला आली की तिचे तोंड फिरवावे लागे. पुढचे इंजिन सुटायचे, दुसऱ्या टोकाला येऊन जोडले जायचे आणि मगच गाडी पुण्याच्या वाटेला लागायची. तेवढ्या वेळात फलाटावर चहा व्हायचा, बाटल्यांत पाणी भरले जायचे, गाडीतल्या मामूला भेटायला दौंडचा भाचा डबा घेऊन यायचा. आता कॉर्ड लाइन झाली आहे. काही गाड्या मुख्य स्टेशनात न येता बाहेरच्या बाहेर पुण्याकडे वळतात. प्रवाशांचा वेळ वाचला, ही चांगलीच गोष्ट झाली. पण ज्या कामाभोवती गाव वसले तेच काम कमी झाले, तर गावाने काय करायचे?

हा प्रश्न एकट्या दौंडचा नाही. मुंबईच्या गिरण्या, सोलापूरच्या गिरण्या, कोल्हापूरची शाहू मिल. एके काळी भोंगा वाजला की सारा मोहल्ला जागा व्हायचा. आज त्या जागी कुठे शुकशुकाट आहे, तर कुठे काचेच्या उंच इमारती. यावर जगातल्या अनेक शहरांनी एक वाट काढली आहे. जुनी इमारत पाडायची नाही. तिथे संग्रहालय, नाट्यगृह, वाचनालय, कारागिरांचा बाजार सुरू करायचा. लोक पुन्हा येऊ लागतात, आजूबाजूचे धंदे उभे राहतात. याला ‘सांस्कृतिक पुनर्विकास’ असे भारदस्त नाव आहे.

आमची अर्धी सोयरीक दौंडला आणि अर्धी शिरूरला. लग्नकार्यात, मयतीत, ईदच्या भेटीगाठींत जुन्या नोकऱ्यांच्या गोष्टी निघतात, आणि दर वर्षी त्या सांगणारे एक-दोन आवाज कमी झालेले असतात. म्हणून या लेखात आम्हाला एकच गोष्ट वाचकांपुढे ठेवायची आहे. जुन्या कामाच्या जागी संस्कृती आणायची, तर ती कोणाची? तिथे राबले त्यांची, की संध्याकाळी तिथे फिरायला येणार त्यांची? राबणाऱ्यांत आपलीही माणसे होती, आणि त्यांची नावे फार थोड्या पाट्यांवर आहेत.

दूरच्या तीन जागा

आधी थोडे दूर जाऊन येऊ. तुर्कस्तानात बुर्सा नावाचे शहर आहे, रेशीम आणि कापडासाठी प्रसिद्ध. तिथे १९३८ मध्ये मेरिनोस नावाची लोकरीच्या कापडाची सरकारी गिरणी सुरू झाली. पिढ्यान्‌पिढ्या शहरातली माणसे तिथे कामाला होती. २००४ मध्ये ती बंद पडली. जागा मोठी आणि मोक्याची होती. शहराच्या महापालिकेने तिथे बाग आणि सांस्कृतिक केंद्र केले, आणि गिरणीच्या इमारतीत कापड उद्योगाचे संग्रहालय मांडले. ज्या यंत्रांवर आजोबा काम करत होते, ती यंत्रे नातवंडे आज जाऊन पाहू शकतात.

इस्तंबूलमध्ये गोल्डन हॉर्नच्या खाडीवर सिलाहतारआगा नावाचे कोळशावर चालणारे वीजघर होते. उस्मानी काळाच्या अखेरीस, १९१४ मध्ये, ते सुरू झाले आणि १९८३ मध्ये थांबले. २००७ पासून तिथे एका विद्यापीठाचा परिसर आणि ऊर्जेचे संग्रहालय आहे. जुनी जनित्रे जागच्या जागी ठेवली आहेत. मुले त्यांच्यामधून फिरतात आणि शहरात पहिला दिवा कसा लागला ते शिकतात.

तिसरी जागा जर्मनीतल्या एसेनची. तिथली झोलफेराइन ही कोळशाची खाण १९८६ मध्ये बंद झाली, आणि २००१ मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारसा मानले. आज तिथे संग्रहालय आहे, नाच-गाण्याचे कार्यक्रम होतात. पण आम्हाला महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. तिथे पाहुण्यांना खाण दाखवायला खुद्द जुने खाण कामगार पुढे आले. हा पट्टा कसा फिरायचा, धूळ छातीत कशी बसायची, हे ज्याने भोगले तोच सांगतो. १९६१ मध्ये जर्मनी आणि तुर्कस्तान यांच्यात कामगारांचा करार झाला, आणि त्यानंतर हजारो तुर्की मुसलमान त्या भागातल्या खाणींत आणि कारखान्यांत गेले. त्यांच्या मशिदी, त्यांच्या भाकरीच्या भट्ट्या, त्यांची भाषा हाही आता त्या भागाच्या इतिहासाचा भाग झाला आहे.

या तिन्ही ठिकाणी भिंती वाचल्या. त्यांतून जिवंत वाटते ती जागा अशी, जिथे राबलेल्या माणसाला बोलायला उभे केले.

गिरणगावात काय झाले

आता घरच्या गोष्टीकडे येऊ. दौंड, नगर, बार्शी, सोलापूर या पट्ट्यातली कितीतरी माणसे याच रेल्वेने मुंबईच्या गिरण्यांत गेली. कोकणातून आले ते बोटीने, घाटावरून आले ते गाडीने. मुंबईत पहिली कापड गिरणी १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी काढली, आणि पुढच्या शंभर वर्षांत परळ, लालबाग, भायखळा, वरळी हा सारा भाग गिरणगाव झाला. उत्तर प्रदेशातून आलेले मोमीन विणकर मदनपुऱ्यात वसले. गिरणीतल्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर, मुसलमान कामगार मोठ्या संख्येने होते. त्यामागे एक कडू कारणही होते. धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, म्हणून विटाळाच्या नावाखाली दलित कामगारांना त्या खात्यात घेत नसत. पगार जास्त असलेले काम त्यांना नाकारले जाई. डॉ. आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न जाहीरपणे मांडला. गिरणीची आठवण जपायची तर तिच्यातला हा अन्यायही जपला पाहिजे. गोड तेवढे घ्यायचे आणि कडू सोडायचे, तर ती आठवण खरी राहत नाही.

याच गिरण्यांनी आपल्याला शाहीर अमर शेख दिले. त्यांचे मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. जन्म १९१६ मध्ये बार्शीचा. गाण्याचा वारसा आईकडून आला. बार्शीच्या गिरणीत काम केले, संपात पुढे राहिले, तुरुंगात गेले. १९४० च्या दशकात अण्णाभाऊ साठे आणि गव्हाणकर यांच्यासोबत लाल बावटा कलापथकातून त्यांनी सारा महाराष्ट्र पालथा घातला, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांचा पहाडी आवाज गावोगावी पोहोचला. मराठी मुसलमान मुलाने मराठीतून गायलेली गाणी सभेतले हजारो लोक आपली म्हणून ऐकत होते. गिरणगावातली संस्कृती म्हणजे हीच. ती भजनी मंडळांत होती, मोहरमच्या मिरवणुकीत होती, कव्वालीत होती, कामगार रंगभूमीवर होती आणि खानावळीतल्या गप्पांत होती.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. त्यांतले बहुतेक पुन्हा कामावर गेलेच नाहीत. गिरण्या एकेक करून थंड पडल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमाने असे ठरवले होते की गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी आणि उरलेला मालकासाठी असावा. २००१ मध्ये नियम बदलला. ही वाटणी फक्त रिकाम्या जमिनीला लागू झाली, आणि शहराच्या वाट्याला फार थोडे उरले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २००६ मध्ये न्यायालयाने हा बदल कायम ठेवला.

मग तिथे मॉल आले, कार्यालये आली, हॉटेले आली. काही ठिकाणी चिमणी शोभेसाठी उभी ठेवली, काही ठिकाणी गिरणीचे नाव तेवढे ठेवले. २९ डिसेंबर २०१७ रोजी कमला मिलच्या आवारातल्या गच्चीवरच्या हॉटेलांना आग लागली आणि १४ जणांचा बळी गेला. ज्या आवारात एके काळी कामगार पाळीवर यायचे, तिथे लोक जेवायला आले आणि परत गेले नाहीत. घरांसाठी गिरणी कामगारांचे आणि त्यांच्या वारसांचे दीड लाखांहून जास्त अर्ज आले, घरे मात्र त्यामानाने थोडी. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलमध्ये वस्त्रोद्योगाचे संग्रहालय उभारण्याचे काम महापालिकेने हाती घेतले, पण एवढ्या मोठ्या गिरणगावातला तो एक कोपरा आहे.

म्हणजे संस्कृतीच्या नावाने दोन वेगळ्या गोष्टी होऊ शकतात. एकीत जुन्या भिंती बाजारासाठी सजवतात, दुसरीत जुन्या माणसांसाठी जागा ठेवतात. दोन्ही ठिकाणी फोटो सारखेच सुंदर येतात. म्हणून वर्तमानपत्रातला फोटो पाहून खूश होण्याआधी आत कोणाला प्रवेश आहे आणि तिकीट किती, हे विचारावे.

आपल्याच मुलखातले दाखले

पुणे स्टेशनजवळच्या राजा बहादूर मिलच्या जुन्या आवारात आज हॉटेले आहेत, कार्यक्रम होतात, तरुण मंडळी येतात. जागा पडीक राहण्यापेक्षा हे बरे. पण तिथे सूत कोण कातत होते, ते पाळीवर कुठून यायचे, हे तिथे जेवायला आलेल्याला कोण सांगणार?

सोलापूरकडे पाहा. तिथली पहिली गिरणी १८७७ ची, लोक तिला ‘जुनी मिल’ म्हणत. १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर सोलापूर पेटले, लष्करी कायदा पुकारला गेला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात चौघांना फाशी दिली गेली. मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. कुर्बान हुसेन गिरणी कामगारांत काम करणारे तरुण होते. चारही हुतात्म्यांचे पुतळे सोलापुरात एकत्र उभे आहेत. गिरण्या गेल्या, पण ज्या शहराने आपल्या कामगारांची नावे अशी एकत्र लिहून ठेवली, त्या शहराची मुले ती नावे विसरणार नाहीत. इमारत न वाचवताही आठवण जपता येते, हे सोलापूर शिकवते.

कोल्हापूरची गोष्ट आणखी जवळची वाटते. राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ मध्ये शाहू मिलचा पाया घातला. त्याच वर्षी त्यांनी कोल्हापुरात मुस्लिम बोर्डिंगच्या कामालाही सुरुवात करून दिली. एकीकडे प्रजेच्या हाताला काम, दुसरीकडे मुसलमान मुलांच्या हाती पाटी. मिल २००३ मध्ये बंद पडली. तिथे शाहू महाराजांचे स्मारक व्हावे ही मागणी जुनी आहे. २०२२ मध्ये महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या वेळी मिलचे दार लोकांसाठी उघडले, प्रदर्शने झाली, कारागिरांनी दुकाने मांडली, कार्यक्रम झाले, गर्दी लोटली. काही दिवसांसाठी का होईना, बंद गिरणी गावाची झाली. आता प्रश्न आहे तो कायमचा.

आणि आपल्याकडे याहून जुना दाखला आहे, तो आपण नेहमी पाहतो पण या नजरेने पाहत नाही. औरंगाबादची, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की. डोंगरातले पाणी मातीच्या नळांतून जमिनीखालून आणून त्याच्या जोरावर पिठाची चक्की फिरवली जाई, आणि त्या पिठावर बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यातले फकीर, मुसाफिर आणि मदरशातले विद्यार्थी जेवत. चक्की, मशीद, मदरसा, ग्रंथालय, हौद, सारे एकाच आवारात. काम, इबादत आणि इल्म यांच्यात तेव्हा भिंत नव्हती. आज चक्कीवर कोणी दळण घेऊन जात नाही, पण आवार जिवंत आहे. कुटुंबे येतात, मुले पाण्याचा पडदा पाहतात, नमाज होते. वक्फ संपत्ती नीट राखली तर काय होऊ शकते, याचाही हा धडा आहे.

दौंड आणि शिरूरकडे काय आहे

दौंडला रेल्वे आली ती १८५८ मध्ये, पुणे-दिक्साळ मार्ग सुरू झाला तेव्हा. १८७८ मध्ये मनमाडची लाइन जोडली गेली आणि दौंड जंक्शन झाले. १९१४ मध्ये बारामतीची अरुंद गाडी आली. पुढे ती लाइन रुंद झाली. वाफेच्या इंजिनांची लोको शेड होती. इंजिन म्हटले की कोळसा, पाणी, राख, तेल आणि माणसे. खलाशी, फायरमन, फिटर, बॉयलरमेकर, पॉइंट्समन, गँगमन. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, तमिळ, तेलुगू, सारे एका भोंग्यावर चालणारे. रात्री-अपरात्री कॉलबॉय दार वाजवायचा, तेव्हा घरातली बाई उठून डबा करायची. रमजानमध्ये ड्युटी लागली की सहरी घरी आणि इफ्तार रनिंग रूममध्ये, नाहीतर इंजिनावरच, अशा गोष्टी रेल्वेच्या घरांत अजून ऐकू येतात. भारतातल्या ब्रॉडगेजवरची वाफेची इंजिने १९९५ पर्यंत संपली. त्यांच्यासोबत कितीतरी हुनर संपले. बॉयलरला कान लावून बिघाड ओळखणारा माणूस आता कुठे शोधायचा?

शिरूरची कथा वेगळी. घोड नदीच्या काठी इंग्रजांची छावणी होती, घोडदळ होते. घोडनदी हे नाव जुन्या माणसांच्या तोंडी अजून आहे. छावणी म्हटली की नालबंद आले, खोगीर शिवणारे आले, टांगेवाले, दर्जी, पाववाले आले. इथे मोठी चिमणी नव्हती, पण गल्लीगल्लीत कारखाना होता. आपली आडनावेच पाहा. नालबंद, शिकलगार, पिंजारी, मोमीन, मणियार, रंगरेज, कागदी, अत्तार, तांबोळी. ही त्या गल्लीतल्या कारखान्यांची नावे आहेत. कारखाना बंद झाला, पाटी आपल्या नावापुढे राहिली. शिरूरच्या शेजारच्याच जुन्नरमध्ये कागदी लोक हाताने कागद करत, आणि पेशव्यांच्या दफ्तरात जुन्नरचा कागद वापरला जाई. आज आपली किती मुले हे जाणतात? शाळेत पेशव्यांचे दफ्तर शिकवतात. तो कागद कोणाच्या हाताचा, हे कोणी विचारत नाही.

आता या दोन तालुक्यांत नवे कारखाने आहेत. शिरूर तालुक्यात रांजणगाव, दौंड तालुक्यात कुरकुंभ. मराठवाड्यातून, विदर्भातून, उत्तर प्रदेश-बिहारमधून मुले तिथे येतात, ठेकेदाराकडे काम करतात, भाड्याच्या खोल्यांत राहतात. जुम्माच्या नमाजाला मशिदीत नवे चेहरे दिसतात. आज जे चालू आहे ते पन्नास वर्षांनी जुने होईल. त्या वेळी या मुलांची नावे कोणाकडे असतील? कायम कामगाराचे नाव निदान पगारपत्रकात राहते. ठेक्यावरच्या मुलाचे तेही राहत नाही.

म्हणून दौंडमध्ये सध्या जे चालले आहे त्याकडे लक्ष हवे. अमृत भारत स्थानक योजनेत दौंडचे नाव आहे. स्थानकाच्या रूपात स्थानिक कला-संस्कृती दिसावी, असे या योजनेत म्हटले आहे. ती संस्कृती कोण ठरवणार? दूरच्या कार्यालयात बसलेल्याला ‘स्थानिक’ म्हणून काहीतरी ठरावीक चित्र सुचेल, भिंत रंगेल आणि काम संपेल. त्याऐवजी एक खोली, निदान एक भिंत, लोको शेडच्या माणसांची असावी. त्यांची नावे, त्यांचे हातदिवे, त्यांचे गटातले फोटो. तिच्या शेजारी ‘एक स्थानक, एक उत्पादन’ योजनेतला गाळा गावातल्या बचत गटाच्या बायकांना मिळावा. यासाठी कोट्यवधी लागत नाहीत. मागणी करणारे लोक लागतात.

तीन गोष्टींची काळजी

या सगळ्यात तीन धोके आहेत, तेही स्पष्ट सांगितले पाहिजेत.

पहिला, संस्कृतीच्या नावाने गरिबाचे घर जाऊ नये. जुन्या कारखान्याभोवती, रेल्वेच्या रुळांशेजारी जे राहतात ते बहुतेक त्याच कामगारांचे वंशज किंवा नवे मजूर असतात. जागा सुंदर झाली की भाडे वाढते, आणि ज्यांच्या आजोबांचा फोटो संग्रहालयात लागतो त्यांनाच तो मोहल्ला सोडावा लागतो. असे होणार असेल तर तो विकास आपल्या कामाचा नाही. आधी घराची सोय, मग संग्रहालय.

दुसरा धोका, चालू शकणारे काम बंद करून तिथे संस्कृती आणणे. शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांतल्या सहकारी साखर कारखान्यांनी अलीकडच्या वर्षांत बंद गळीत हंगाम पाहिले आहेत. तिथल्या शेतकऱ्याला आणि कामगाराला संग्रहालय नको असते, चाक फिरायला हवे असते. आठवणीची जागा जिथे काम खरेच संपले आहे तिथे करावी. रोजी चालू राहणे ही पहिली गरज आहे.

तिसरा धोका जमिनीत मुरलेल्या विषाचा. भोपाळच्या युनियन कार्बाइडच्या आवारातला ३३७ टन विषारी कचरा तिथून हलवायला दुर्घटनेनंतर चाळीस वर्षे लागली. तो जानेवारी २०२५ मध्ये हलवला गेला. रसायनांचे कारखाने असलेल्या आपल्या भागाने हे ध्यानात ठेवावे. आधी जमीन आणि पाणी तपासून साफ करायचे, नंतर तिथे बाग. मुलांना खेळायला पाठवायचे आहे ना?

सुरुवात घरातल्या पेटीपासून

सरकारी योजना येईल तेव्हा येईल. तोवर आपल्या घरात करता येण्यासारखे बरेच आहे, आणि ते लवकर केले पाहिजे.

माळ्यावरची पत्र्याची पेटी उघडा. जुना सेवा दाखला, पास, पगाराची पावती, पितळी बिल्ला, गणवेशाचे बटण, हातदिवा, युनियनची पावती, लग्नाआधीची पत्रे, जे सापडेल ते भंगारात देऊ नका. पितळेचे वजन काट्यावर फार भरत नाही; पण त्यावरचा नंबर हा कोणाच्या तरी तीस वर्षांच्या कष्टाचा पुरावा असतो. कागदांचे फोटो काढून ठेवा, आणि फोटोच्या मागे पेन्सिलीने नावे लिहा. फोटोत मधोमध बसलेला साहेब सगळ्यांना माहीत असतो, कडेला उभा असलेला कोण होता ते लिहा.

घरातल्या बुजुर्गांना मोबाइलसमोर बसवा आणि बोलू द्या. पहिल्या दिवशी कामावर कसे गेलात, पहिला पगार कोणाच्या हाती दिला, अपघात झाला तेव्हा कोण धावून आले, दंगलीच्या दिवसांत कोणी सांभाळले. असे साधे प्रश्न विचारा. ज्या भाषेत ते बोलतात त्याच भाषेत ठेवा. दख्खनी असो, मराठी असो, दोन्हींची मिसळ असो. आणि फक्त अब्बांना विचारू नका. अम्मीला विचारा. पाळीच्या वेळेप्रमाणे चूल कोण पेटवत होते, संपाच्या महिन्यांत उधारी कोणी सांभाळली, दागिना कधी गहाण गेला आणि कधी सुटला, हे तिलाच ठाऊक असते. कारखान्याचा इतिहास लिहिणाऱ्यांनी स्वयंपाकघराचे दार क्वचितच वाजवले आहे.

मोहल्ल्यातली शाळा, उर्दू असो की मराठी, मुलांना एक काम देऊ शकते: आपल्या गल्लीतल्या एका जुन्या कारागिराची दोन पाने माहिती लिहून आणा. वर्षभरात पन्नास-साठ कारागीर कागदावर येतील. वाचनालयात किंवा शादीखान्यात वर्षातून एकदा त्याचे प्रदर्शन मांडा. हिंदू, ख्रिस्ती, बौद्ध शेजाऱ्यांनाही त्यांच्या पेट्या घेऊन बोलवा. शेडमध्ये ते आपल्या शेजारीच उभे होते. एकट्या मुसलमानांची म्हणून ही आठवण मांडली तर ती अर्धी राहील.

आणि नगरपरिषदेच्या कामाकडे लक्ष ठेवा. शहराचा विकास आराखडा प्रसिद्ध होतो तेव्हा ठरावीक मुदतीत हरकती आणि सूचना मागवल्या जातात. त्या वेळी आपण बहुतेक झोपेत असतो, आणि नंतर कुरकुर करतो. एका कागदावर चार ओळींची सूचना, पाच-पन्नास सह्या, आवक शिक्का मारलेली प्रत स्वतःजवळ, एवढे केले तरी मागणी नोंदली जाते. रेल्वेच्या हद्दीतल्या जागेसाठी रेल्वेच्या विभागीय व्यवस्थापकाकडे आणि आपल्या खासदारांकडे पत्र द्यावे लागते. पोचपावतीचा कागद जपून ठेवावा.

आमच्या दीनने अमानत या शब्दाला मोठी जागा दिली आहे. दुसऱ्याची ठेव आपल्याजवळ असेल तर ती जशीच्या तशी पोहोचवायची, त्यात कमी-जास्त करायचे नाही. आपल्या आजोबा-पणजोबांच्या कष्टाची गोष्ट ही अशीच ठेव आहे. ती आपली मालमत्ता नाही, पुढच्यांची आहे. दौंडच्या एखाद्या मुलीने दहा वर्षांनी स्टेशनच्या भिंतीवर आपल्या पणजोबांचे नाव वाचले, शिरूरच्या एखाद्या नालबंद पोराला आपल्या आडनावाचा अर्थ दुसऱ्याला सांगताना संकोच वाटला नाही, तर त्या मुलांना या गावात आपण पाहुणे आहोत असे कधी वाटणार नाही. आज त्यांना तसे भासवणारे पुष्कळ आहेत. त्यांना वाद घालून उत्तर देण्यापेक्षा नावांची यादी पुढे ठेवावी.

या महिन्यात एखाद्या सुट्टीच्या दिवशी दुपारी ती पेटी खाली उतरवा. इन्शाअल्लाह, तिच्यात जे निघेल ते पाहून तुम्हालाही नवल वाटेल.